वाजवून घेतलेलं लाकूड

राहीबाई तापट होती, असं तिच्या सासरचे लोक पुढं कितीतरी वर्षं सांगत. एवढ्या-तेवढ्यावरून घर सोडून गेली, म्हणत. ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी असं हे बोलणं. घरात भरली ताटं कोण भिरकावत होतं, चाबूक तुटेपर्यंत बैलाला कोण झोडपत होतं, ते मात्र कुणाच्या तोंडून निघत नसे. का, तर नवरा लढाईवरून आलेला. लढाईवरून आलेल्याचा राग म्हणजे मर्दपणा आणि चुलीपुढच्या बाईचा राग म्हणजे अवलक्षण, असा शिराळ्याकडचा रिवाज. शिराळ्याकडचाच कशाला, सगळीकडचाच.

राही मूळची मेढ्याकडची, जावळीच्या डोंगरातली. तिचा भाऊ जोतिबा मराठा पलटणीत होता आणि शिराळ्याजवळच्या गावचा लालासाहेब त्याच पलटणीत. बराकीत दोघांच्या खाटा शेजारीशेजारी, त्यातून सोयरीक जुळली. लग्न झालं, रजा संपली आणि लालासाहेब बोटीत बसून इटलीला गेला. गेला तो हसरा, थट्टेखोर गडी होता. सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात परत आला तो दुसराच कुणीतरी. उजव्या कानाजवळ तोफेचा गोळा फुटला होता. तो कान पार गेला आणि डाव्या कानात एक बारीक शिट्टी बसली, ती झोपेतसुद्धा थांबेना. सरकारनं छातीवर लावायला बिल्ला दिला. शिट्टीवर सरकारकडं काही नव्हतं.

घरात भांडं पडलं की तो ताडकन उठून उभा राही आणि समोर जे असेल ते फेकून मारी. सासू मनुबाई पदरानं घाम पुसत म्हणायची, "लढाईवरनं आलाय गं त्यो. चालायचंच. निवंल हळूहळू." ऊस लावायची वेळ आली, तरी तो निवला नाही. एके दिवशी आमटीत मीठ कमी पडलं आणि त्याचा हात राहीवर उठला. उठला आणि तिच्या तोंडाशी येऊन थांबला.

राही जागची हलली नाही. म्हणाली, "ताट फेका, तांब्या फेका, मी गोळा करीन. पर माझ्या अंगाला हात लागला, तर त्याच दिवशी मेढ्याची वाट धरीन. मग कुनी बी न्यायला येऊ दे."

लालासाहेबानं हात खाली घेतला. उंबऱ्यावर बसून तो कितीतरी वेळ त्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मला कळत न्हाई गं. हात आपनहून उठतो. तिकडं दवाखान्यात एक गोष्ट हुती, ती हातात असली की उठत नव्हता."

त्या गोष्टीचं नाव गिटार. इटलीतल्या दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खाटेवर एक अमेरिकन गडी होता, डोंगराकडचा, मका पिकवणारा. त्याच्याजवळ त्याच्या चुलत्यानं हातानं बनवलेली गिटार होती. पाय प्लास्टरात अडकलेला, म्हणून तो दिवसभर ती वाजवायचा, आणि वाजवणं असं की घोडं भरधाव सुटावं. लालासाहेबाला ते कानानं कमी आणि छातीनं जास्त ऐकू यायचं. गिटारीची पेटी पोटाशी धरली की लाकूड थरथरे आणि शिट्टी मागं पडे. त्या गड्यानं त्याला चार बोटं कुठं ठेवायची ते शिकवलं. बोटं कामात असली की डोकं शांत राही. दवाखान्यातून निघताना मागं राहिली ती गिटार आणि परत आला तो राग.

"मग करून घ्या की तसली," राही म्हणाली. तिला गिटारीचं काय पडलं होतं? काही नाही. तिला या घरात न घाबरता भाकरी थापायची होती. त्यासाठी कुणी डोंगर खणायला सांगितला असता, तर पदर खोचून तिनं तोही खणला असता.

गावात कोंडीबा सुतार होता. नांगर-पाभरी हे त्याचं रोजचं काम, पण भजनी मंडळांच्या वीणाही तो करायचा आणि त्याचा त्याला भारी ताठा. लालासाहेबानं जमिनीवर कोळशानं आकृती काढून दाखवली. कोंडीबा म्हणाला, "ही कसली रं म्हशीगत? कंबर कुठाय हिला? जरा बारीक कंबर ठिवतो, वर मोर काढतो, खालच्या अंगाला वेल."

"मोर नगं, वेल नगं," लालासाहेब म्हणाला. "त्या अमेरिकेवाल्यांच्या मुलखात अंगणात सारे मिळून वाजवत्यात. शेजारी सारंगीगत एक वाद्य किंचाळत असतंय. त्यातनं हिचा आवाज वर आला पायजे. म्हून हिचे खांदे रुंद, पोट मोठं. आनि पोटात आतनं दोन काठ्या, एकमेकीवर आडव्या. तारा पोलादी असत्यात, त्यांच्या ओढीनं न्हाईतर पुढची फळी फुगती."

"पोटात काठ्या? माझ्या बापानं कवा वीनंच्या पोटात काठ्या घातल्या न्हाईत."

"मग तुझ्या बापाकडनंच करून घेतो, बोलव त्याला," असं म्हणून लालासाहेब तरातरा उठला. बाप मरून जमाना झाला होता. राहीनं मध्ये पडून दोघांना खाली बसवलं. म्हणाली, "तात्या, मोर माझ्या पाटावर काढा. ह्यास्नी काठ्या घालून द्या."

मागच्या अंगाला शिसव घ्यायचं, हे दोघांना पटलं. पुढची फळी कशाची, यावर मात्र पुन्हा जुंपली. कोंडीबा शिवणीवर अडून बसला, फणसावर उतरला, त्याखाली यायला तयार नाही. लालासाहेबाला हवं होतं ते थंड मुलखातलं लाकूड, हलकं, पांढुरकं, सरळ आणि दाट रेघांचं. ते इकडं उगवतच नाही. पण सांगलीत नदीच्या बाजूला एका व्यापाऱ्यानं लष्कराची मोडीत काढलेली खोकी आणून टाकली आहेत आणि लोक ती जळणाला नेतात, अशी बातमी होती. विलायतेहून सामान भरून आलेली खोकी. त्यात तसलं लाकूड असणार, असं लालासाहेबाचं म्हणणं.

सांगलीला नवरा-बायको दोघंही गेली. मनुबाईनं पाय आपटले. "तुनतुनं करायला बाईमानूस कशाला संगं? आपन काय तमाशेवालं हाय का?" पण लालासाहेबाला राही बरोबर हवीच होती, आणि त्याचं कारण त्यानं आईला सांगितलं नाही. फळी वाजवून घ्यावी लागते. बारीक, उंच आवाज त्याला आता ऐकूच येत नव्हता.

हळद साठवायच्या पेवांवरून येणाऱ्या वासात, खोक्यांच्या त्या ढिगावर राही चढली. लालासाहेब खालून रेघा बघून फळ्या दाखवी. गाठ असलेली नको, रेघ तिरकी गेलेली नको. राही ती फळी दोन बोटांत वरच्या टोकाला लोंबती धरी आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारी. हे तिला शिकवावं लागलं नाही. कुंभाराच्या दारात ती लहानपणापासून अशीच मडकी वाजवून घेत आली होती. भेगाळलेलं मडकं बद्द वाजतं, चांगलं मडकं खणखणतं आणि त्याचा आवाज जरा वेळ हवेत राहतो.

"ही बद्द हाय. ही बी. ही वाजती, पर लगीच मरती." फळ्या बाजूला पडत होत्या. व्यापाऱ्याची माणसं हसत होती. एक म्हणाला, "बाई, भाकरीच भाजायची न्हवं? मग कसली बी ने की!" राहीनं वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो दुसऱ्या ढिगाकडं गेला. उन्हं कलायला लागली, तेव्हा तिच्या हाती एक फळी आली, टोकाला अजून काळी अक्षरं छापलेली. टिचकी मारली आणि आवाज सुटला तो सुटलाच. राहीनं ती फळी नवऱ्याच्या छातीला टेकवून पुन्हा टिचकी मारली.

लालासाहेब हसला. लढाईवरून आल्यावर तो हसलेला तिनं पहिल्यांदा बघितला. "हीच," तो म्हणाला. परतीच्या मोटारीत ती फळी राहीनं टपावर टाकू दिली नाही, मांडीवर आडवी धरून आणली.

पाऊसकाळभर कोंडीबाच्या पडवीत काम चाललं. शिसवाच्या पट्ट्या वाफेवर वाकवल्या, मान सागवानाची केली. मानेवर बोट दाबायच्या पडद्यांसाठी पितळेची तार ठोकायची होती, तेव्हा एकेक तार कुठं बसवायची ते राहीच्या कानानं ठरलं. कोंडीबा तार सरकवायचा, ती "वर, अजून वर, बास" म्हणायची. बोटं कुठं ठेवायची याच्या खुणांना कोंडीबा शिंपला शोधत होता. तिनं लालासाहेबाच्या जुन्या लष्करी सदऱ्याची शिंपल्याची बटणं तोडून दिली. पोलादी तारा मिरजेच्या सतारवाल्यांकडून आल्या. सगळे सांधे सरसानं जोडले. कोंडीबानं लालासाहेबाला बजावलं, "सरस ओलीला भितो. लाखेचा हात मी दसऱ्यानंतर चढवीन, हवा कोरडी झाली म्हंजे. तवर हिला पान्याचा थेंब लागू देऊ नगंस." हे त्यानं लालासाहेबाला सांगितलं. राही तेव्हा रानात भांगलत होती.

गिटार घरी आली आणि घर बदललं. गाव तिला लालासाहेबाचं तुणतुणं म्हणायचं, पण सांजेला पारावर चार माणसं ऐकायला बसायची. ताट जागेवर राहायला लागलं. बैलाच्या पाठीवरचे वळ बुजले. सूर राही लावून द्यायची. तो खुंटी पिळायचा, ती मान हलवायची. मनुबाईसुद्धा म्हणाली, "खुळ्याचं खूळ, पर बरं हाय बाई." आपल्या कानानं निवडलेलं लाकूड आपल्या घरात बोलतंय, याचा राहीला अभिमान वाटायचा, आणि का वाटू नये?

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी शेतकऱ्याच्या घरात अवजारांना विश्रांती. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, खुरपी सगळी गरम पाण्यानं धुवायची, तेल लावायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. लालासाहेब सकाळीच झेंडू आणायला मळ्यात गेला होता. राहीनं बंबात पाणी तापवलं आणि अवजारांबरोबर गिटारही अंगणात आणली.

"तिची कसली पूजा?" मनुबाई म्हणाली.

"ज्याच्यावर घर चालतंय त्याची पूजा करायची न्हवं, आत्या? मग ह्या घरात हिच्यापरीस मोठं अवजार कंचं हाय?"

तिनं पाटावर गिटार आडवी ठेवली आणि लेकराला घालावं तसं तिला न्हाऊ घातलं. कढत पाणी, शिकेकाईचा फेस, पारावरची सारी धूळ निघाली. फडक्यानं पुसून उन्हात ठेवली. शिसवाला करडईचं तेल चोळलं. पुढच्या पांढऱ्या फळीवर हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं. मग दिवा आणायला ती आत वळली. तेवढ्यात बाहेर काहीतरी कडाडलं.

सरसानं सांधा सोडला होता. तारा पेलणारी खालची घोडी त्यांच्या ओढीनं उपटून निघाली होती, मागची फळी एका अंगानं उघडली होती. आणि झेंडूची पाटी घेऊन लालासाहेब दारात उभा होता.

त्यानं काही विचारलं नाही. पाटी टाकली, दोन ढांगांत अंगण ओलांडलं आणि दिवा घेऊन बाहेर आलेल्या राहीच्या डाव्या कानफटात मारली. पूर्ण हातानं, सैनिकाच्या ताकदीनं. राही भिंतीवर जाऊन आदळली. दिवा विझला.

मनुबाई तोंडावर पदर धरून उभी. शेजारच्या बाया कुंपणावरून बघत होत्या, आत एक आली नाही. आला तो कोंडीबा, आपल्या अवजारांच्या पूजेचा नारळ द्यायला. त्यानं आधी राहीकडं बघितलं, मग गिटार उचलून उलटी-पालटी केली.

"ह्याच्यासाठी मारलंस व्हय रं?" तो ओरडला. "सरस हाय त्यो! गरम पान्यानं सुटतो आन् गरम करून लावला की पुन्यांदा बसतो. दोन दिसाचं काम! पानी लावू नगं म्हून मी तुला सांगितलं हुतं. तू हिला सांगितलंस?"

लालासाहेबानं सांगितलं नव्हतं. बायकोला कशाला सांगायचं असतं?

राहीनं लुगड्याची मातीसुद्धा झटकली नाही. आत गेली, गाठोडं बांधलं आणि बाहेर आली. मनुबाई आडवी आली. "आगं, उद्या दसरा. लोकं काय म्हनतील? नवऱ्यानं एकदा हात उचलला म्हून कुनी घर सोडतंय व्हय?"

"मी बोलले हुते त्यास्नी," राही म्हणाली. "तवा मी काय गंमत करत हुते?" आणि सासूला बाजूला सारून ती मोटारीच्या वाटेला लागली.

मेढ्याला भावानं तिला ठेवून घेतलं, पण कपाळाला आठी घालूनच. जोतिबाला बहिणीचा सुजलेला गाल दिसत होता, पण त्याला त्याहून मोठं दिसत होतं ते पलटणीतल्या दोस्ताचं तोंड. "लढाईनं त्याचं डोकं बिघाडलंय, बाई. तू समजून घ्यायचं," असं तो येता-जाता म्हणायचा. राहीच्या मस्तकात तिडीक जायची. लढाईवर जोतिबाही गेला होता. त्यानं कुणाचं थोबाड फोडलं होतं? आणि बैल, ताट, तांब्या, बायको एवढीच त्या बिघडलेल्या डोक्याला बरोबर कशी सापडत होती? मामलेदारासमोर, व्यापाऱ्यासमोर तो हात कधी आपणहून उठला नाही तो?

सूज उतरली. कानातली शिट्टी उतरली नाही. वैद्यानं तेल दिलं, कुणी लसणीचा रस दिला. काही झालं नाही. त्या अंगानं कुणी हाक मारली तर तिला कळायचं नाही, नुसतं बारीक वाजत राहायचं. तिनं हे कुणाला फोडून सांगितलं नाही. सांगून कोण काय करणार होतं?

दिवाळी झाली, भाताची झोडपणी चालू होती, तेव्हा लालासाहेब आला. खांद्याला धोतरात गुंडाळलेली गिटार. जोतिबानं त्याला मिठी मारली, घोंगडं अंथरलं, गूळपाणी दिलं. राही खळ्यात भाताच्या पेंढ्या आपटत होती, ती आपटतच राहिली.

तो तिथंच, तिच्या डाव्या अंगाला येऊन बसला आणि बोलायला लागला. त्याचा आवाज तिच्यापर्यंत लांबून आल्यासारखा येत होता. कोंडीबानं सांधे पुन्हा कसे बसवले, घोडी नवी कशी केली, मागची फळी जराही वाकडी झाली नाही. हळदीचे डाग मात्र जात नाहीत, तर राहू देत. तो पेंढीकडं बघत बोलत होता. तिच्या गालाविषयी तो एक शब्द बोलला नाही. मग त्यानं गिटार मांडीवर घेतली. "सूर लागंना झालाय. बारक्या तारा मला कळत न्हाईत, तुला ठाव हाय. तेवढं ऐकून सांग. आनि मग चल घरी. मोटार हाय दुपारची."

त्यानं तार छेडली. राही पेंढी आपटत राहिली. त्यानं पुन्हा छेडली आणि विचारलं, "वर घिऊ का खाली?"

राहीनं हातातली पेंढी टाकली. "मला न्हाई ऐकू येत," ती म्हणाली.

"आसं काय करतीस? राग धर, पर..."

"राग धरलाच हाय. पर ऐकू बी येत न्हाई. ह्या कानात नुसती शिट्टी वाजती. खंडेनवमीपासनं."

लालासाहेबाचा हात तारेवर राहिला. जगात दुसऱ्या कुणाला हे समजावून सांगावं लागलं असतं, त्याला नाही. ती शिट्टी काय असते, ती झोपेत कशी शिरते, माणसाचं बोलणं कसं गिळते, ते त्याला पुरेपूर माहीत होतं. "दिसभर वाजती?" त्यानं विचारलं.

"दिसभर. रातीला जास्ती."

खळ्याच्या कडेला जोतिबा उभा होता. सारं त्याच्या कानावर पडलं होतं.

"तुमचा कान तोफेनं गेला," राही म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "तर सरकारनं तुमास्नी बिल्ला दिला. गावानं हार घातलं. ताटं फेकली तर आई म्हनली, चालायचंच. माझा कान तुमी घेतला. मला कोन काय देनार हाय? आन् मी कुनाला मारू?"

"राही, माझ्या हातनं..."

"हात तुमचाच हाय. खांद्याला लावलेला हाय. त्यो आपनहून उठत नसतो. कवाच उठत नव्हता."

लालासाहेबानं गिटार तिच्यापुढं सरकवली. काय द्यावं ते न सुचलेल्या माणसानं हातात असेल ते द्यावं, तशी. पांढऱ्या फळीवर तिनं ओढलेली हळदीची बोटं तशीच होती.

"ती उचला," राही म्हणाली. "भात झोडायच्या जागंला ठिवू नगा."

त्यानं उचलली. धोतर गुंडाळायला त्याला फार वेळ लागला. जोतिबा त्याच्याबरोबर चार पावलं गेला आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, मध्येच थांबला. लालासाहेब एकटाच मोटारीकडं उतरला.

जोतिबा खळ्यात परत आला. बहिणीच्या डाव्या अंगाला उभा राहून काहीतरी बोलला. तिला ऐकू आलं नाही. तो वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला आणि तिची पेंढी हातात घेऊन म्हणाला, "बस जरा सावलीला, बाई. मी झोडतो."

"माझं मी झोडते," राही म्हणाली आणि त्याच्या हातातून पेंढी ओढून घेतली.